जर्मनीत मास्टर्सचे पहिले सेमिस्टर : हजेरी नाही, सबमिशन नाही, अभ्यासाची घडी कशी बसवावी?

कृष्णाकाठ :

नमस्कार. सांगलीत अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी ऑक्टोबरपासून ड्रेस्डेन येथे इंग्रजी माध्यमातील मास्टर्स अभ्यासक्रमाला दाखल झालो आहे. पत्त्याची नोंदणी, आरोग्यविमा, बँकेचे खाते ही सुरुवातीची कामे मार्गी लागली, त्यामुळे कागदपत्रांविषयी काही विचारायचे नाही. अडचण अभ्यासाची आहे. आपल्याकडे टर्मवर्क, ओरल, इन-सेम असे काही ना काही मागे लागलेले असे आणि त्या धाकाने का होईना, अभ्यास होत असे. येथे हजेरी कोणी घेत नाही, वही कोणी तपासत नाही आणि बहुतेक विषयांचे सगळे गुण फेब्रुवारीतील एका लेखी परीक्षेवर आहेत. व्याख्यान ऐकताना सर्व समजल्यासारखे वाटते, परंतु खोलीवर येऊन गणित सोडवायला घेतले की गाडी अडते. मी सहा विषय घेतले आहेत. त्यात स्वयंपाक, धुणे, रविवारी बंद असणारी दुकाने आणि चार-साडेचारलाच पडणारा अंधार यांमुळे दिवस कसा सरतो तेच कळत नाही. ज्यांनी हे वर्ष पार पाडले आहे त्यांनी आपला अनुभव सांगावा. पहिल्याच सेमिस्टरमध्ये अर्धवेळ नोकरी धरावी का, हेही कळवावे.

आखेनकर :

आपण व्याख्यानाला मुख्य मानत आहात, आणि माझ्या मते गोची तिथेच आहे. हिशेब करून पाहा. येथे एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचे काम धरतात, म्हणजे पाच क्रेडिटच्या विषयाला जवळपास 150 तास. दीड तासाची दोन सत्रे दर आठवड्याला धरली, तरी पंधरा आठवड्यांत वर्गात जेमतेम 45 तास भरतात. उरलेले शंभर तास आपण स्वतः बसून काम कराल हे विद्यापीठाने गृहीत धरलेले असते. ते कोणी बोलून दाखवत नाही, इतकेच.

हे शंभर तास प्रामुख्याने ‘यूबुंग’भोवती, म्हणजे उदाहरणे सोडवण्याच्या तासाभोवती, खर्च करावेत. तो तास ऐच्छिक असतो म्हणून आपली अनेक मुले तो बुडवतात आणि नंतर सोडवलेल्या उत्तरांची पीडीएफ वाचून समाधान मानतात. परीक्षा मात्र बहुधा याच उदाहरणांच्या वळणाची असते. उदाहरणांचा कागद आधी हातात येतो, तेव्हा तासाला जाण्यापूर्वी प्रत्येक उदाहरणावर निदान अर्धा तास झटून पाहावे. उत्तर नाही आले तरी चालेल, पण आपण नेमके कोणत्या पायरीवर अडलो ते समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे. शिकवणारा त्या पायरीवर आला की तिथेच हात वर करावा. प्रश्न विचारल्याने येथे कोणाचा अपमान होत नाही, आणि प्राध्यापकांची भेटीची वेळही त्यासाठीच राखलेली असते.

तीन-चार जणांचा गट जमवा आणि त्यात निदान एक जर्मन विद्यार्थी असू द्या. भाषेच्या सरावापेक्षाही त्याचा दुसरा उपयोग मोठा आहे : मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी-परिषदेकडे, म्हणजे ‘फाखशाफ्ट’कडे, मिळतात का, कोणत्या विषयात सूत्रांचा हस्तलिखित कागद नेता येतो, ही माहिती त्याला सहज असते.

सहा विषय मला जास्त वाटतात. चार नीट करावेत आणि उरलेले दोन पुढे ढकलावेत. नोकरी पहिल्या सेमिस्टरमध्ये नको.

फोडणीवाली :

अभ्यासाविषयी वर लिहिले गेलेच आहे. मी घरातले लिहिते, कारण माझा दिवस स्वयंपाकघरातच वाया जात असे. दुपारचे जेवण मेन्सामध्येच, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतच, घ्यावे. विद्यार्थ्यांना ते सवलतीत मिळते, शाकाहारी पदार्थही असतो आणि गटातली मुले तिथेच भेटतात. संध्याकाळी एकदाच दोन दिवसांची डाळ आणि भात करावा. पोळ्यांचा हट्ट आठवड्याच्या शेवटी पुरवावा. खरेदी शनिवारी दुपारपर्यंत उरकावी. रविवारी दूध संपलेच, तर मोठ्या रेल्वे स्थानकातली दुकाने उघडी सापडतात, पण भाव चढे असतात.

सामायिक घरात राहत असाल तर फोडणी करताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी सताड उघडावी आणि थंडीचे जाकीट चुकूनही तिथे टांगू नये, नाहीतर हिंगाचा वास दुसऱ्या दिवशी वर्गापर्यंत सोबत येतो. थंडीच्या भीतीने दिवसभर खिडक्या बंद ठेवून खोलीत कपडे वाळत घातले, तर भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होतो. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडकी पूर्ण उघडणे येथे घराघरांत शिकवले जाते. रात्री दहानंतर मिक्सर आणि कपडे धुण्याचे यंत्र बंद. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकून देऊ नका. सुपरमार्केटमधील यंत्रात परत दिल्या की एका बाटलीमागे बहुधा 25 सेंट मिळतात.

अंधाराचे म्हणाल, तर सकाळी साडेसातचे व्याख्यान चुकवून झोपणे हे डिसेंबरात सर्वांत घातक. जो काही उजेड असतो तो दुपारीच असतो. तेव्हा जेवणानंतर वीस मिनिटे बाहेर चालून यावे.

रानवारा :

आखेनकर यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. विषय पुढे ढकलणे वाटते तेवढे स्वस्त नसते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेल्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवून आपण येथे आलो, त्यातून महिन्याला 992 सुटतात. एक सेमिस्टर लांबले की तेवढ्याच दराने आणखी सहा महिन्यांची तजवीज करावी लागते, आणि राहण्याचा परवाना वाढवताना परदेशी नागरिकांचे कार्यालय अभ्यासाची प्रगती विचारू शकते. ज्यांनी घरी कर्ज काढले आहे त्यांनी हे आधी मांडून पाहावे. नोकरीबाबतही सरसकट ‘नको’ म्हणू नये. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते, आणि विभागातच विद्यार्थी-साहाय्यक म्हणून थोडे तास मिळाले तर ते अभ्यासाच्या आड येत नाहीत. गोदामातली रात्रपाळी मात्र टाळावी, या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा.

कृष्णाकाठ :

सर्वांचे आभार. पाच विषय ठेवण्याचा विचार आहे. सहावा सोडायचा तर वेगळा अर्ज करावा लागतो का?

आखेनकर :

रानवारा यांचा कर्जाचा मुद्दा मान्य. पाच ठीक आहेत. बहुतेक ठिकाणी विषय सोडण्याचा अर्ज नसतो, परीक्षेची नोंदणी न करणे पुरेसे असते. तरीही आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली एकदा वाचावी. उलट बाजू जास्त जपावी लागते. नोंदणीची मुदत परीक्षेच्या काही आठवडे आधीच संपते आणि ती चुकली तर तयारी कितीही असली तरी परीक्षेला बसता येत नाही. नोंदणी करून मुदतीत माघार न घेता गैरहजर राहिलात, तर 5.0, म्हणजे नापास, अशी नोंद होते आणि एक संधी खर्ची पडते. या संधी मोजक्या असतात. आपल्याकडच्या केटीसारखे वर्षानुवर्षे बसता येत नाही. अनिवार्य विषयात शेवटची संधीही हुकली, तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते आणि जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठात तोच अभ्यासक्रम घेण्यालाही बाधा येते. आजच विभागाच्या परीक्षा कार्यालयाच्या पानावर नोंदणीची आणि माघारीची, अशा दोन्ही तारखा पाहून घ्याव्यात.