मदत हवी आहे: रेडिओवर विमान ऐकू येतं, विमानतळाचा टॉवर येत नाही. अँटेना कुठे लावू? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आमचं घर शिवाजी पेठेत, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. गॅलरी पश्चिमेला, रंकाळ्याच्या बाजूला. उजळाईवाडीचा विमानतळ सरळ रेषेत आठ-नऊ किलोमीटर, पण आग्नेयेला, म्हणजे गॅलरीच्या बरोबर पाठीमागे.

हे सगळं बाबांसाठी चाललंय. काचबिंदूने त्यांची नजर गेल्या दोन वर्षांत जवळजवळ गेली. लहानपणी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून उजळाईवाडीच्या माळावर न्यायचे. विमान क्वचित यायचं, बहुतेक वेळा रिकामी धावपट्टी बघून आम्ही परत. हा विमानतळ 1939 सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला, हे त्यांनी तेव्हाच सांगितलेलं. आता रोज विमानं येतात तर त्यांना दिसत नाहीत. पण नुसत्या घरघरीवरून पंख्याचं एटीआर कुठलं आणि जेट कुठलं, हे ते अजून अचूक सांगतात. म्हणून दिवाळीला एअरबँड, म्हणजे विमानांच्या बोलण्याचा पट्टा असलेला एक पोर्टेबल रेडिओ आणला, 118 ते 137 मेगाहर्ट्‌झ, एएम.

अडचण अशी आहे. मुंबई-बंगळूर वगैरे वरून जाणारी विमानं खणखणीत येतात. कोल्हापूरला उतरणारा वैमानिकही छान ऐकू येतो, पण अगदी खाली आला की आवाज तुटतो आणि चाकं टेकल्यावर काहीच नाही. टॉवर, म्हणजे विमानतळावरून वैमानिकाला सूचना देणारा, तर एकदाही ऐकू आला नाही. बाबा म्हणाले, "फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखं वाटतंय. हा काय बोलतोय ते कळतंय, तिकडचा काय म्हणाला ते नाही."

दुसरं म्हणजे 124.1 वर गाणी लागतात. फाटक्या आवाजात, पण स्पष्ट मराठी गाणी. रेडिओ बिघडलाय का?

मी तीन मीटर तांब्याची वायर गॅलरीच्या ग्रिलला बांधून पाहिली. गाणी वाढली, बाकी काही नाही. दुकानात विचारलं तर टीव्हीचा बूस्टर लाव म्हणाले. गच्चीवर जायला मोकळीक आहे. तिथे तीन जागा सुचतात: पाण्याच्या टाकीवर, जिन्याच्या खोलीच्या पत्र्यावर, किंवा आग्नेय कोपऱ्यातल्या कठड्यावर. खोलीपर्यंत केबल पंधरा मीटर तरी लागेल. खर्च एकदाच करायचाय, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद

दादा, रेडिओ ठणठणीत आहे. तुमच्या सगळ्या तक्रारी जागेच्या आहेत.

या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. पस्तीस हजार फुटांवरचं विमान आणि तुमची अँटेना यांच्यामध्ये जमिनीची गोलाई साधारण चारशे किलोमीटरनंतर आडवी येते, म्हणून वरचं सगळं ऐकू येतं. टॉवरचा आवाज मात्र जमिनीलगत येतो. दहा मीटर उंचीवरून नऊ किलोमीटर हे अंतर काहीच नाही, गोलाईचा प्रश्नच नाही. आडवं येतंय ते तुमच्याच इमारतीचं काँक्रीट, त्यातल्या सळ्या, आणि पलीकडची पेठ. विमान खाली उतरलं की तेही त्याच भिंतींच्या आड जातं. म्हणून गॅलरीत कितीही भारी अँटेना लावली तरी टॉवर येणार नाही. बूस्टर तर अजिबात नको. जे पोहोचतच नाही ते तो वाढवणार कुठून? उलट गाणी वाढतील.

पैसे खर्च करायच्या आधी एक करा. विमान यायच्या वेळेला तोच रेडिओ हातात घेऊन गच्चीवर जा. रेडिओची दांडी उभीच धरा, कारण विमानाची आणि टॉवरची अँटेना उभी असते. पूर्ण ओढू नका, साधारण 56 सेंटिमीटर ठेवा, या पट्ट्याच्या मध्यावरची पाव तरंगलांबी तेवढीच भरते. मग तिन्ही जागांवर उभं राहून ऐका. एक पाऊल इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो. टाकीजवळ मला शंका आहे, पाणी भरलेली टाकी आणि लोखंडी पाइप अँटेनाला चिकटून नकोत.

गाण्यांचं सांगतो. अशा रेडिओत आत 10.7 मेगाहर्ट्‌झची मधली फ्रीक्वेन्सी असते. त्याच्या दुप्पट, म्हणजे 21.4 अंतरावरचं जोरदार स्टेशन चुकीच्या दारातून आत शिरतं. 124.1 मधून 21.4 वजा करा: 102.7. आपली आकाशवाणी कोल्हापूर!

दुसरा प्रतिसाद

गच्चीवर लावणार असाल तर वळवाच्या विजांचा विचार आत्ताच करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर ढग कसे येतात माहीत आहे. ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकायची, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. काकांना नुसतं स्पर्शाने काढता येईल असा जोड ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी गच्चीवर गेलो. टाकीजवळ नुसती खरखर. जिन्याच्या पत्र्यावर बरं. आग्नेय कोपऱ्यात कठड्यावर रेडिओ ठेवला आणि मंडळी, टॉवर आला! बारीक आवाज, पण वाऱ्याची दिशा आणि वेग सांगितलेला शब्दन् शब्द कळला. मी एकटाच होतो, बाबांना जिना चढवत नाही.

आता अँटेना तिथेच. केबल कुठली घेऊ? आणि खोलीत आणल्यावर रेडिओला जोडू कशी, त्याला बाहेरच्या अँटेनाचं सॉकेटच नाही. आणखी एक, पॅसेजमधली एलईडी ट्यूब बंद केली की खरखर निम्मी होते, हे परवा लक्षात आलं. चार्जर काढून बॅटरीवर चालवला की अजून कमी.

प्रतिसाद

झकास! अर्धं काम झालं.

केबल डिशची घ्या, आरजी-6. ती 75 ओहमची म्हणून लोक नाकं मुरडतात, पण नुसतं ऐकण्यात त्याने काही बिघडत नाही. पंधरा मीटरला तिच्यात एखादा डेसिबल जातो. आरजी-58 घेतलीत तर जवळपास तीन, म्हणजे निम्मा सिग्नल वाटेतच संपला.

अँटेना घरी करा. उद्यमनगरात पितळी ब्रेझिंग रॉड मिळतील. एक उभा 56 सेंटिमीटरचा, केबलच्या मधल्या तारेला. चार खाली, 59 चे, केबलच्या जाळीला, छत्रीच्या काड्यांसारखे पंचेचाळीस अंशात वाकवलेले. डिशच्या केबलची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असते, तिला सोल्डरचा डाग बसत नाही, स्क्रू-वॉशरने आवळा. वरून एम-सील. पाणी एकदा जाळीत शिरलं की केबल गेली समजा. पीव्हीसी पाइपवर बसवून कठड्याच्या वर दीड-दोन मीटर न्या.

रेडिओकडे: दांडी पूर्ण आत ढकला, मधली तार मगरीच्या चिमट्याने दांडीला आणि जाळी बॅटरीच्या निगेटिव्ह स्प्रिंगला.

पण मग आकाशवाणी दुप्पट जोरात घुसेल. त्यावर उपाय: त्याच केबलचा 65 सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एक टोक रेडिओजवळ मुख्य केबलला समांतर जोडा (तार तारेला, जाळी जाळीला), दुसरं मोकळं सोडा. 124.1 लावून मोकळं टोक अर्धा अर्धा सेंटिमीटर कापत जा. साठ-एकसष्टच्या आसपास गाणी एकदम दबतील, तिथे थांबा. टॉवरचाही थोडा सिग्नल जाईल, पण गाण्यांच्या मानाने फारच कमी.

धागाकर्ता

काल संध्याकाळी जोडलं. तुकडा 60.5 वर आला तेव्हा गाणं पार मागे गेलं, कान लावला तरच कळतं. हैदराबादचं विमान उतरेपर्यंत बाबांनी रेडिओ मांडीवरून हलवला नाही. टॉवरने उतरायची परवानगी दिली, वैमानिकाने ती परत वाचून दाखवली, आणि बाबा म्हणाले, "आता दोघं बोलतायत."

जोडाला जाड रबरी बूच लावलंय, त्यांना बोटांनी सापडतं. दोनदा काढून-लावून दाखवलं त्यांनी. आता एवढंच सांगा, पीव्हीसी पाइप पावसाळी वाऱ्यात टिकेल का, की लोखंडी नळीत खोवून वरचा मीटरभर पीव्हीसी ठेवू?