अनुभव धागा : दूरशिक्षणाने काय दिलं, काय राहून गेलं?

१८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन लघुलिपीचे (शॉर्टहँडचे) धडे टपालाने पाठवत आणि विद्यार्थ्यांनी केलेला सराव तपासून परत धाडत. १८५८ पासून लंडन विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांनाही पदवी परीक्षेला बसू दिलं. धडा पोचवणं आज फारच सोपं झालंय. तपासून परत पाठवण्याचं काय, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. पदवी, छोटा कोर्स, मुलांची ऑनलाइन शाळा, काहीही चालेल. सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
बाळ लहान असताना मी एम.ए. केलं. वर्गाच्या वेळा पाळायच्या असत्या तर प्रवेशच घेतला नसता. घर जागं होण्याआधी वाचन उरकायचं. स्वाध्याय मात्र नुसते गुण पडून परत यायचे, शेरा एकही नाही. दहापैकी सहा मिळाले, मग उरलेले चार कुठे गेले? विचारायचं कुणाला?

प्रतिसाद २
मी रसायनशास्त्राचा. थिअरीसाठी रेकॉर्ड केलेली लेक्चर उत्तमच. अडलेली पायरी हवी तितक्या वेळा मागे नेऊन ऐकता येते. पण टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजणं, व्हिडिओ बघून येत नाही. फेनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचा फिका गुलाबी रंग चमकतो, फ्लास्क हलवला की जातो. तो जायला वेळ लागू लागला की ब्युरेटची, म्हणजे मापाच्या नळीची, तोटी आवळून एकेक थेंब सोडायचा. हे बोटांना कळावं लागतं. आमची प्रात्यक्षिकं एका छोट्या सत्रात उरकली. हात बसेपर्यंत सत्र संपलं.

प्रतिसाद ३
मला कमी ऐकू येतं. वर्गात सर फळ्याकडे वळले की माझा धडा तिथेच तुटायचा. आता सबटायटल्स वाचते, चॅटमध्ये सगळ्यांच्या बरोबरीने प्रश्न विचारते. आपोआप तयार होणारी सबटायटल्स पारिभाषिक शब्दांची पार वाट लावतात, आणि परीक्षेत नेमके तेच शब्द लागतात. माणसाने वाचून ती दुरुस्त केलीच पाहिजेत.

प्रतिसाद ४
मुलाची हजेरी पूर्ण, कॅमेरा बंद. अपूर्णांकांपासून पुढचं सगळं सुटलंय, हे सहामाहीला कळलं. लहान वयात हा प्रकार नकोच.

प्रतिसाद ५
मी दूरशिक्षणाचे स्वाध्याय तपासते. वर एम.ए.च्या ताईंनी लिहिलंय ते खरं आहे. गठ्ठा मोठा आणि मुदत जवळ आली की सगळ्यात आधी शेरेच गळतात. वर्गात कोण अडलंय ते चेहऱ्यावर दिसतं, इथे विद्यार्थी फक्त गप्प होतो. म्हणून ज्याचा पहिला स्वाध्याय येत नाही त्याला मी स्वतः फोन करते. बरेचदा अडचण विषयाची नसतेच. पोर्टल उघडत नसतं, किंवा ‘एवढंसं विचारू कसं’ हा संकोच असतो. एकदा बोलणं झालं की पुढचे स्वाध्याय येऊ लागतात. प्रवेश घेणाऱ्यांनी माहितीपत्रकातल्या व्हिडिओंच्या संख्येवर जाऊ नये. स्वाध्याय कोण तपासणार, शेऱ्यासह किती दिवसांत परत मिळणार आणि शंका विचारायला कोणाचा नंबर आहे, हे फी भरण्याआधी विचारून घ्या.