स्कॉटिश सोप्रानोचा पहिला अल्बम ऐकला. पुढे काय ऐकावे?

धागाकर्ता:
नमस्कार. माझे ऐकणे मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीताचे. अलीकडे एका तरुण स्कॉटिश सोप्रानोचा (उंच पट्टीच्या स्त्रीस्वरात गाणाऱ्या गायिकेचा) पहिला अल्बम ऐकला. त्यात पुच्चीनीची आरिया (ऑपेरातील एकल गीत), शूबर्टचे 'आवे मारिया', स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची गीते, स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरचे एक गेलिक (तिथल्या जुन्या भाषेतले) गाणे आणि शेवटी संगीतिकेतील (म्युझिकलमधील) एक लोकप्रिय गाणे, असा संमिश्र ऐवज आहे. आवाज फार आवडला. परंतु इतके प्रकार केवळ विक्रीसाठी एकत्र आणतात की त्यामागे काही परंपरा आहे, हे उमगले नाही. जाणकारांनी पुढे काय ऐकावे ते कृपया सुचवावे. मला इंग्रजीपलीकडे युरोपातील दुसरी भाषा येत नाही.

प्रतिसाद १:
विक्रीचा विचार असतोच, आणि संगीतिकेतील गाणे बहुधा त्याचपायी आले असावे. बाकीच्या निवडीला मात्र भक्कम आधार आहे. 'आवे मारिया' आता लॅटिन प्रार्थनेच्या शब्दांत सर्रास गातात. पण शूबर्टने १८२५ मध्ये चाल दिली ती वॉल्टर स्कॉटच्या 'द लेडी ऑफ द लेक' (१८१०) या काव्यात एलन डग्लस करते त्या प्रार्थनेच्या जर्मन भाषांतराला, आणि ते काव्य घडते स्कॉटलंडमधील कॅट्रिन सरोवराच्या परिसरात. त्याच काव्यावर रोसिनीने १८१९ मध्ये नेपल्ससाठी ऑपेरा रचला, तर दोनिझेत्तीचा 'लुचिया दी लामेरमूर' (१८३५) स्कॉटच्या कादंबरीवर बेतलेला आहे. बर्न्सच्या गीतांनाही असाच आधार आहे. एडिंबरोच्या जॉर्ज थॉमसनने स्कॉटिश चालींसाठी साथसंगत लिहून देण्याचे काम हायडन आणि बेथोव्हेन यांच्याकडे सोपवले होते, आणि बेथोव्हेनची ओपस (रचनाक्रमांक) १०८ मधील २५ गीते, पियानो, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह, १८१८ मध्ये थॉमसननेच छापली.

म्हणून माझी पहिली शिफारस ओपस १०८ ची. त्यातील बर्न्सचे 'द लव्हली लास ऑफ इनव्हर्नेस' आधी ऐकावे: कलोडनच्या लढाईत (१७४६) वडील आणि तीन भाऊ गमावलेल्या मुलीचा तो शोक आहे. शब्द समोर ठेवूनच ऐका, कारण बर्न्सची स्कॉट्स बोली इंग्रजी जाणणाऱ्यालाही अडखळवते.

दुसरी शिफारस लिसा मिल्न यांच्या हेब्रिडियन गीतांच्या अल्बमची. मिल्न मूळच्या अॅबरडीनच्या. या अल्बममध्ये शॉनेड विल्यम्स यांची हार्पची साथ आहे, आणि गीते मार्जरी केनेडी-फ्रेझर यांच्या संग्रहातील आहेत.

प्रतिसाद २:
मिल्न यांचा अल्बम सुरेख आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र ती गीते बेटांवर अशीच गायली जात, असे समजू नये. केनेडी-फ्रेझर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेटांवर हिंडून फोनोग्राफवर गाणी टिपली खरी, पण १९०९ पासून छापताना त्यांना शहरी दिवाणखान्याला मानवेल अशी साथ जोडली, आणि गेलिक परंपरेच्या अनेक अभ्यासकांना ते रुचलेले नाही. माझ्या मते सोप्रानोने ही गीते जरूर गावीत, फक्त ऑपेरातला पूर्ण फेकीचा आवाज आणि सततचा स्वरकंप तिथे आवरावा. संमिश्र अल्बमचा कस तिथेच लागतो. आपण ऐकलेल्या अल्बममध्ये आरिया आणि गेलिक गाणे लागोपाठ लावून पाहा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. जुनी ध्वनिमुद्रणे चालतील. खरखरीची सवय आहे.

प्रतिसाद २:
मग इझोबेल बेली ऐकाच. जन्म स्कॉटलंडमधील हॉइकचा, १८९५ चा, वाढल्या मँचेस्टरमध्ये. हेंडेलच्या 'मसाया' या धार्मिक संगीतरचनेसाठी त्यांची विशेष ख्याती होती. इंग्लिश संगीतकार वॉन विल्यम्सने १९३८ मध्ये सोळा गायकांसाठी रचलेल्या 'सेरेनेड टू म्यूझिक'मध्येही त्या होत्या. शब्द शेक्सपिअरचे असल्याने आपल्याला भाषेची अडचण येणार नाही, आणि पहिल्या प्रयोगानंतर काही दिवसांतच मूळ गायकसंचात, हेन्री वुड यांच्या संचालनाखाली झालेले मुद्रण उपलब्ध आहे. बेलींचा स्वर सरळ आणि निर्मळ आहे; ख्याल ऐकणाऱ्या कानाला तो लवकर पटावा.

त्याहून जुन्या मेरी गार्डन, अॅबरडीनच्याच. फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या 'पेलेआस ए मेलिसांद' या ऑपेरातील नायिका मेलिसांद १९०२ मध्ये प्रथम त्यांनी साकारली आणि १९०४ मध्ये खुद्द देब्युसीच्या पियानोसाथीने काही गीते मुद्रित केली. ती फ्रेंचमध्ये आहेत, तेव्हा बेलींनंतरच घ्यावीत.