किट लेन्सनंतर दुसरी कोणती? (बजेट १०-१२ हजार)

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ (किट लेन्स) वापरून झाली, आता दुसरी लेन्स घ्यायची आहे आणि हातात १०-१२ हजार आहेत. ज्यांनी या रकमेत लेन्स घेतल्या, वापरल्या, विकल्या त्यांनी लिहावं. नुसतं "अमुक घ्या" नको. कुठल्या बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर), किती अंतरावरून, कुठे अडतं ते सांगा.

*

आधी जुने फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ (१८, ५५ हे एमएममधले आकडे; आकडा मोठा तेवढं दृश्य जवळ), शटर (किती सेकंद उघडं होतं), आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) नोंदलेलं असतं. शेवटचे ३००-४०० चाळा. बहुतेक ५५ वर काढलेत आणि तरी क्रॉप करावे लागलेत, तर लांबची लेन्स हवी. १८ वर असून भिंतीला पाठ टेकत असेल तर रुंद हवी. शटर १/१५ पर्यंत घसरलंय नि आयएसओ ३२०० च्या वर गेलाय, तर कमी पडतोय तो उजेड. १८-५५ ही ५५ वर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं). एफ/१.८ ची लेन्स तिच्या साडेनऊ पट उजेड आत घेते; जिथे १/१५ मिळायचं तिथे १/१२५ सहज मिळतं.

*

म्हणून सगळे ५० एमएम एफ/१.८ सुचवतात. लेन्स चांगलीच आहे, पण आपल्या खोल्यांची मापं धरून बघा. कॅननच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर कॅमेरा उभा धरून, उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला ५० एमएमला १४ फूट मागे जावं लागतं. १० बाय १२ च्या खोलीत आरतीचा फोटो निघणार कसा? निकॉन डीएक्सवर (निकॉनचा तसाच लहान सेन्सर) ३५ एमएम एफ/१.८ ला सव्वानऊ फूट पुरतात, कॅननच्या २४ एमएम एफ/२.८ ला सात. मात्र २४ वर किट लेन्सही साधारण एफ/४ पर्यंत उघडते, त्यामुळे तिथे उजेडाचा फायदा एका स्टॉपचाच, म्हणजे दुप्पटच.

पैसे घालण्यापूर्वी किट लेन्सची झूम रिंग चिकटपट्टीने ३५ वर बांधा आणि एक पूर्ण कार्यक्रम तशीच काढा. दुसऱ्या दिवशी ५० वर. कुठे घुसमट होते ते लगेच कळतं.

आणखी एक. ५० एमएम एफ/१.८ ला एक मीटरवरून काढलेल्या चेहऱ्यात जेमतेम अडीच सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. नाक स्पष्ट, डोळे धूसर, आणि दोष लेन्सला दिला जातो. एफ/२.८ ठेवा, एकच फोकस पॉइंट निवडून तो जवळच्या डोळ्यावर धरा.

*

निकॉनवाल्यांनो, डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ५० एमएम १.८डी स्वस्त दिसते, पण या बॉडींवर तिचा फोकस हातानेच करावा लागतो. नावात 'एएफ-एस' (मोटर लेन्समध्येच) बघा. 'एएफ-पी' (वेगळ्या प्रकारची मोटर) असेल तर तुमची बॉडी तिला चालवते का, ते आधी तपासा. जुन्या बॉडींवर अडतं. एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारांत येते. 'व्हीआर' लिहिलेलं नसेल तर हात हलल्याची भरपाई लेन्स करत नाही.

*

भिगवणला रोहित पक्षी टिपायचे तर कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम, सेकंडहँड. उडत्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंदाहून हळू ठेवू नका. आयएस तुमचा हात सावरतं, पंख थांबवत नाही.

*

कासच्या पठारावरच्या बारीक फुलांसाठी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं टिपणारी) बजेटबाहेर जाते, पण ५० एमएम असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) पुरते. सीतेच्या आसवांचं सेंटीमीटरभराचं फूल नुसत्या ५० ने चौकटीच्या रुंदीचा दहावा भाग व्यापतं. २० एमएमची ट्यूब जोडली की पावभागाहून जास्त. ट्यूबला विद्युत संपर्क हवेतच. बिनसंपर्काची फार स्वस्त मिळते, पण तिच्यावर कॅननची लेन्स पूर्ण उघडीच राहते आणि पाकळीची कडसुद्धा धड स्पष्ट येत नाही. एफ/८ ठेवा, वारा थांबायची वाट बघा. आणि कृपा करून फुलांवर आडवं पडू नका, वाटेवरूनच काढा.

*

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, एकसारखा दुधाळ पडदा म्हणजे धुरकटपणा. यांपैकी एकही दिसलं तर सोडून द्या. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यावरून भाव पाडा आणि घ्या. अ‍ॅपर्चरच्या (लेन्सच्या आतल्या भोकाच्या) पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती अडखळतात आणि फोटो जास्त उजळ येतात. हे पकडायला एफ/१६ वर सलग दहा फोटो काढा, सगळ्यांचा उजेड सारखा हवा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत ठेवली की बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. नारिंगी जेल घ्या. निळ्यात बहुधा कोबाल्ट (विषारी) असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवायचं नाही. रंग बदलला की जेल सुकवून पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात ठेवा.