कण्हेर आणि सदाफुली एकाच कुळातली, मग पानं आतून इतकी वेगळी का?

पानवेडी: बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला दोन्हींच्या पानांचे सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायचे पातळ काप) घेतले, गाजरात पान धरून ब्लेडने. सदाफुलीचं लगेच कळलं पण कण्हेरीच्या खालच्या बाजूला खड्डे खड्डे दिसतायत आणि स्टोमाटा (पानाची श्वासछिद्रं) कुठेच नाहीत, सेक्शन फाटलाय का माझा??

रानभूल: फाटला नाही गं, त्या खड्ड्यांतच आहेत स्टोमाटा! आत केसही दिसतील, नीट फोकस कर. खड्ड्यात वारा लागत नाही, ओलसर हवा तिथेच अडकते आणि पाणी कमी उडतं. हायवेच्या डिव्हायडरवर भर मे महिन्यात कण्हेर फुललेली असते ती उगाच नाही. वरची एपिडर्मिसही (पानाची बाहेरची त्वचा) मोज, दोन-तीन थर आणि जाड क्युटिकल (त्यावरचा मेणचट थर), सदाफुलीत एकच थर. पॅलिसेड (उभ्या हिरव्या पेशींचा थर) कण्हेरीत खालच्या बाजूलाही असतो, सदाफुलीत फक्त वर.

पानवेडी: अरे हो केस दिसले!! पण मग नातं ओळखायचं कशावरून?

जुनामास्तर: पानाच्या जाडीवर जाऊ नका, ती राहण्याच्या जागेप्रमाणे बदलते. दोघींच्या खोडाचा सेक्शन घ्या, झायलेमच्या (पाणी वाहणाऱ्या नळ्या) आतल्या बाजूलाही फ्लोएम (अन्न वाहणाऱ्या नळ्या) मिळेल, शिवाय लॅटिसिफर (चीक असलेल्या पेशी) दोन्हीकडे. ॲपोसायनेसीची, म्हणजे या दोघींच्या कुळाची, खूण ती. आणि कण्हेर कापल्यावर हात साबणाने धुवा, चीक विषारी असतो, आमच्या वेळी पोरं तसेच डबे खायला बसायची.

रानभूल: जमलं तर बिट्टीचंही पान कापून बघ, तेही याच कुळातलं.