युटाच्या लाल खडकांत तंबू ठोकायचाय, आईबाबा सोबत आहेत, कोणतं कॅम्पग्राउंड घेऊ?

धरमपेठी_भटक्या

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेला जाऊन राहिलो. ताई सॉल्ट लेक सिटीला असते, तिथून तिच्या गाडीनं मोआब (युटातलं लाल खडकांमधलं गाव), चार रात्री. मी, बायको, आई (६२), बाबा (६८) आणि ताई-भाऊजी, असे सहा जण. हॉटेल नको हा बाबांचा हट्ट. ते रेल्वेत होते, छिंदवाड्याच्या नॅरोगेजवर ड्युटी असताना छोट्या स्टेशनांच्या फलाटावर चादर टाकून झोपायचे म्हणे, तेव्हा दिसायचे तसे तारे परत एकदा पाहायचेत. आता नागपुरात कुठले तारे, आमच्या गच्चीवरून मेट्रोचे लाइट दिसतात फक्त.

तर पंधरा दिवसांपासून फोटो पाहून पाहून डोकं गरगरून राहिलं. डेव्हिल्स गार्डन, डेड हॉर्स पॉइंट, विलो फ्लॅट, फ्रूटा, नदीकाठचे वेगळेच. सगळीकडे नारिंगी तंबू, लाल कडा, हातात कॉफीचा मग. सगळेच भारी दिसतात, मग निवडायचं कसं? डेव्हिल्स गार्डन तर आमच्या तारखांना फुल दाखवून राहिलं. तंबूतून खरंच नजारा दिसतो असं कोणतं, आईबाबांना झेपेल असं कोणतं, आणि रोज जागा बदलायची की एकाच ठिकाणी मुक्काम ठेवायचा? गुगल कर म्हणू नका, ते करूनच इथं आलो.

वर्धारोडची_लेक

मी आठ वर्षं डेन्व्हरला आहे, मोआबची वर्षातून एक चक्कर होतेच. आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, फोटोतला नजारा आणि तंबूतला नजारा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. विलो फ्लॅटच्या नावावर जो फोटो फिरतो तो ग्रीन रिव्हर ओव्हरलुकचा असतो, तिथं पायी जाता येतं पण तंबू असतो बुटक्या जुनिपरच्या झाडांत. डेड हॉर्स पॉइंटचं तेच, २००० फूट खाली कोलोरॅडो नदी वळसा घेते ते दृश्य पॉइंटवरून, कॅम्पग्राउंडमधून नाही. आर्चेस पार्कमधलं डेव्हिल्स गार्डन खरंच अपवाद आहे, तिथे ५१ जागा आहेत आणि बऱ्याच जागा थेट खडकाला चिकटून, स्कायलाइन आर्च (खडकाची नैसर्गिक कमान) तर तिथूनच दिसते. म्हणूनच ते सहा महिने आधी बुकिंग उघडलं की भराभर जातं. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर रिझर्वेशन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जो आधी येईल त्याला. तुझ्या तारखा नेमक्या शेवटच्या आठवड्यात अडकल्यात. रोज सकाळी साइट उघडून पाहत जा, कॅन्सलेशन होतात.

आता निवडायचं कसं. मी फोटो बघतच नाही, नकाशा बघते आणि पूर्व-पश्चिम बघते. हसू नकोस. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीची खोली मे महिन्यात रात्री बारापर्यंत भट्टी असते ना, कूलर लावून उपयोग नाही, तसंच तिथला लाल खडक दिवसभर ऊन पितो आणि रात्री सोडत बसतो. जूनमध्ये असा खडक उशाशी असला की झोपेची वाट, ऑक्टोबरमध्ये तोच हवाहवासा. तुझ्या वेळी मोआबला दिवसा २० अंशांच्या आसपास, रात्री ३-४ पर्यंत उतरतं, डेड हॉर्स मोआबपेक्षा जवळपास २००० फूट उंच म्हणून तिथे अजून कमी. म्हणजे तुला पूर्वेला मोकळी जागा पाहिजे, सकाळचं ऊन लवकर तंबूवर आलं पाहिजे. पूर्वेला कडा असली तर नऊ-साडेनऊपर्यंत सावलीत कुडकुडत चहा. उन्हाळ्यात जाणाऱ्यानं याच्या उलट करायचं, पश्चिमेला कडा घ्यायची म्हणजे संध्याकाळी लवकर सावली. बुकिंगच्या साइटवर प्रत्येक जागेचा नंबर आणि नकाशा असतो, त्यावर हे पाच मिनिटांत कळतं. संडास कुठल्या बाजूला आहे तेही बघ, फार लांब नको आणि अगदी शेजारीही नको, रात्रभर दाराची धाडधाड.

आईबाबांसाठी विचारशील तर माझं मत फ्रूटा, कॅपिटल रीफ पार्कमधलं. ७१ जागा, सपाट, मोठी झाडं, मॉर्मन पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागांच्या मधोमध, आणि चारी बाजूंनी लाल कडे. पण मोआबपासून अडीच तास, त्यामुळे सॉल्ट लेकहून जाता किंवा येता एखादी रात्र ठेव.

गरम_तर्री

काहून भाऊ एवढा खर्च करता, खिंडसीला जा, तंबू आहे, तलाव आहे, तारे आहेत, सकाळी उठून रामटेक. रुपयांत काम होते.

धरमपेठी_भटक्या

@गरम_तर्री खिंडसीला चार वेळा झालं भाऊ, बाबा तिथं पण म्हणाले तारे कमी आहेत 😄

बेसा_काका

मी आणि सौ. मुलाकडे गेलो होतो तेव्हा एप्रिलमध्ये नेलं होतं त्याने. वय माझं ७१, म्हणून आईबाबांच्या बाजूने लिहितो, बाकीचं तरुण मंडळी सांगतीलच.

पहिलं म्हणजे वारा. नदीकाठच्या एका कॅम्पग्राउंडवर उतरलो होतो, संध्याकाळी अगदी शांत, सौ. म्हणाली की अंबाझरीला बसल्यासारखं वाटतंय. मुलाने खुंट्या वाळूत ठोकल्या आणि झाला मोकळा. रात्री दोनला वारा सुटला आणि एकेक खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघत गेली. मी आतून तंबूचा दांडा धरून बसलो होतो, मुलगा बाहेर हेडलाइट लावून दगड शोधतोय, सून गाडीत. वाळूत साधी खुंटी धरत नाही हे तेव्हा कळलं, दोरी मोठ्या दगडाला बांधायची नाहीतर पिशवीत वाळू भरून ती पिशवी पुरायची. सकाळी पोहे केले तर प्रत्येक घासाला कच्‌कच्. ती वाळू इतकी बारीक असते की विटेची पूड म्हणा, परत आल्यावर सौ.च्या चष्म्याच्या केसमधून दोन महिन्यांनीसुद्धा लाल पूड निघाली. ऑक्टोबरमध्ये वारा वसंतापेक्षा कमी असतो असं मुलगा म्हणतो, तरी तयारी ठेवा.

दुसरं, जमिनीवर झोपवू नका त्यांना. झोपायला काही वाटत नाही, उठायला वाटतं. फोल्डिंग खाट मिळते तिथे, ती घ्या, खाली चटई, वर जाड स्लीपिंग बॅग. तिसरं सांगायला लाज कशाला, नदीकाठच्या जागांवर संडास म्हणजे खड्ड्यावरचा, स्वच्छ असतो पण पाण्याचा नळ नाही. सोबत बाटली ठेवा.

आणि रोज जागा बदलू नका हो. आम्ही चार रात्रींत तीन जागा केल्या, निम्मा वेळ तंबू गुंडाळण्यात गेला, आणि सूर्य मावळताना जो लाल रंग येतो त्या वेळी मी दोनदा गाडीत होतो.

धरमपेठी_भटक्या

काका, खाटेचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. बाटलीचं पण 🙏

@वर्धारोडची_लेक पूर्व-पश्चिमचं वाचून बाबा इतके खूश झाले की आता स्वतःच नकाशा घेऊन बसलेत. दोन प्रश्न अजून. बुकिंग नाही मिळालं तर नदीकाठी जाऊन जागा मिळण्याचा काय चान्स? आणि पाणी किती न्यायचं, कारण सगळीकडे नो वॉटर लिहून राहिले.

वर्धारोडची_लेक

१२८ नंबरच्या रस्त्यावर कोलोरॅडोच्या काठानं एकामागून एक आहेत, गूस आयलंड, बिग बेंड, हिटल बॉटम वगैरे, केंद्र सरकारच्या जमिनीवरचे. एकेकट्या कुटुंबाच्या जागांना बहुतेक ठिकाणी बुकिंगच नाही, जाऊन धरायची. चान्स वारावर अवलंबून आहे. शुक्रवारी दुपारी गेलास तर हात हलवत परत येशील, सोमवार ते गुरुवार सकाळी दहा-अकराच्या दरम्यान जा, लोक आवरून निघत असतात, एखाद्याची गाडी भरताना दिसली की नम्रपणे विचार, निघताय का. लोकलमध्ये सीट विचारतात तसंच. नजाऱ्याला तोड नाही, एका बाजूला नदी आणि डोक्यावर शेकडो फूट लाल भिंत. पण ती दरी आहे हे लक्षात ठेव, रात्री थंड हवा खाली उतरून नदीवर बसते आणि सकाळी ऊन उशिरा येतं. आईच्या गुडघ्यांचा विचार कर.

पाणी माणशी रोज ४ लिटर धर, सहा जणांचे २४ लिटर, तीन दिवसांचे ७२. मोआबमधून कॅन भरून न्यायचे. नदीचं पाणी स्वयंपाकालाही नको, इतका गाळ असतो की उकळून चहाच दिसेल. डेड हॉर्स पॉइंटला सोयी आहेत, वीज आहे, पण तिथं पाणी टँकरनं चढवतात, त्यामुळे तिथेही भरूनच जायचं. टँकरचं पाणी कसं वापरायचं हे नागपूरवाल्याला मी काय सांगू.

अजून सुटं सुटं: गॅसचं कॅनिस्टर विमानात चालत नाही, तिकडे घ्या. लाकडं तिथली गोळा करू नका, मनाई आहे, विकत घ्या. कोरड्या ओढ्यात तंबू लावायचा नाही, कितीही सपाट आणि मऊ वाटला तरी, पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्यापर्यंत येतो, जुलै ते सप्टेंबर जास्त पण इतर वेळीही नकोच. आणि वाटेच्या बाजूला काळपट, फुगीर, जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी माती दिसेल, तिच्यावर पाय ठेवू नका. ती जिवंत असते, सूक्ष्म जीवांनी वाळू विणून धरलेली असते. एक पाऊल पडलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. फोटोसाठी बायकोला दोन पावलं मागे हो म्हणशील ना, तेव्हाच हे होतं.

तिकिटाचंही पाहून ठेव. २०२६ पासून झायन, ब्राइससारख्या ११ पार्कांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्तीचे लावलेत. आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटल रीफ त्या यादीत नाहीत. त्यामुळे झायनचा मोह टाळलास तर तुम्हा चौघांचे ४०० डॉलर वाचतात.

फुटाळा_फोटोवाला

सगळे खडकावर बोलून राहिले, बाबांना तारे पाहिजेत ना? मग कॅम्पग्राउंडच्या आधी तिथी पाहा. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणता, कालनिर्णय काढून पाहा, कोजागिरी तर येत नाही ना त्यात. पूर्ण चंद्र असला तर जगातल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी गेलात तरी मोजके तारे दिसतील, आकाशगंगा विसरा.

अंधाराच्या बाबतीत तो भाग खरोखर वरच्या दर्जाचा आहे. जगातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं म्हणून मान्यता मिळालेलं) तिथलंच, नॅचरल ब्रिजेस, २००७ साली ठरलं, फक्त १३ जागा आहेत, पण मोआबहून दोन तास दक्षिणेला. डेड हॉर्स पॉइंटला २०१६ मध्ये तो दर्जा मिळाला आणि ते उंच पठारावर असल्यामुळे आकाश चारी बाजूंनी उघडं. नदीकाठी कड्यांमुळे आकाशाची पट्टीच उरते, हे कुणी सांगत नाही. म्हणून माझं मत डेड हॉर्स. तिथे युर्ट पण आहेत, गोल पक्के तंबू, आत पलंग. डेड हॉर्स स्टेट पार्क आहे, त्याचं बुकिंग चार महिने आधी उघडतं, आता तिथे नजर ठेवा. टॉर्च लाल उजेडाची घ्या, पांढरी पेटवली की डोळ्यांना परत अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

धरमपेठी_भटक्या

भाऊ!! कालनिर्णय काढलं. आमच्या दुसऱ्याच रात्री कोजागिरी. मी म्हटलं झालं, गेले तारे. बाबांचा चेहरा उतरला थोडा, आई मात्र एकदम ताठ बसली, म्हणे चांगलंच झालं की.

फुटाळा_फोटोवाला

आई बरोबर बोलून राहिल्या. लाल खडकावर पुनवेचं चांदणं पडतं ना तेव्हा सावल्या इतक्या ठळक पडतात की टॉर्च लागत नाही, फक्त लाल रंग डोळ्यांना दिसत नाही, राखाडी-निळा दिसतो, कॅमेऱ्यात मात्र लाल येतो. पहिल्या दोन रात्री चांदणं घ्या. चौथ्या रात्रीपर्यंत चंद्र उशिरा उगवायला लागतो, सूर्य मावळल्यावर चंद्र उगवेपर्यंत साधारण तासभर मिळेल, संधिप्रकाशामुळे आकाशगंगा नाही, पण ठळक तारे दिसतील. बाबांना तो तास द्या.

धरमपेठी_भटक्या

ठरलं मग. काल रात्री जेवताना घरात मतदान झालं. एकच मुक्काम, डेड हॉर्स पॉइंट तीन रात्री, कारण एक जागा कॅन्सलेशनमध्ये मिळाली (युर्ट नाही, साधी, पण नकाशात पूर्वेला मोकळी आहे, बाबांनी स्वतः पट्टी लावून पाहिलं). चौथी रात्र परतीच्या वाटेवर फ्रूटा, बाबांचा ताऱ्यांचा तास तिथेच. डेव्हिल्स गार्डन दिवसा फिरून येऊ. नदीकाठ आईनं रद्द केला, काकांचे पोहे वाचून.

आता एकच राहिलं, आईला कोजागिरीचं मसाला दूध तिथंच आटवायचंय, गॅसवर, कड्यापाशी. केशर-चारोळी इथून नेऊन राहिलो. दूध तिकडे कोणतं घ्यायचं?

वर्धारोडची_लेक

होल मिल्क लिहिलेलं घे, लाल झाकणाचं असतं बहुतेक. टू परसेंट घेतलंस तर आई रात्रभर आटवत बसतील. गॅसचा छोटा डबा एक जास्तीचा ठेव, थंडीत आणि वाऱ्यात दुप्पट जातो.

बेसा_काका

पातेल्यावर झाकण ठेवा हो. वाळू.