अगाथा ख्रिस्ती : साहित्य की नुसती कोडी?

नौपाड्याचा वाचक:
अगाथा ख्रिस्ती यांच्या 66 रहस्य कादंबऱ्यांपैकी वीसेक मी वाचल्या आहेत. ती उत्तम कोडी आहेत, साहित्य नव्हे, असे माझे मत आहे. खुनी कळला की पुस्तक संपते आणि ग्रंथसंग्रहालयात परत देताना त्यातले एकही माणूस मनात रेंगाळत नाही. कर्नल, डॉक्टर, मोलकरीण, सगळ्या पटावरच्या सोंगट्या.

कोपरीची फार्मासिस्ट:
मला हे अजिबात पटत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात त्यांनी काम केले आणि औषधे बनवण्याची परीक्षाही दिली. 1920 मध्ये आलेल्या ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ या पहिल्याच कादंबरीत टॉनिकमध्ये मुळातच अत्यल्प प्रमाणात असलेले स्ट्रिक्नीन हे विष, ब्रोमाइड या झोपेच्या औषधाची पूड पडताच, हळूहळू तळाशी साचते आणि शेवटचा डोस जीवघेणा ठरतो. ‘बाटली नीट हलवून घ्या’ हे वाक्य मी दिवसातून कितीदा तरी सवयीने म्हणत असे. ही कादंबरी वाचल्यापासून ते गिऱ्हाइकाकडे पाहून, थांबून म्हणते. उशाशी ठेवलेल्या, विश्वासाच्या वस्तूची भीती वाटायला लावणे हे कोड्याचे काम नव्हे.

नौपाड्याचा वाचक:
रसायनशास्त्र अचूक आहे हे मान्य, पण त्यातून माणसाची जाण सिद्ध होत नाही. शिवाय सुरुवातीच्या कादंबऱ्यांत ज्यू पात्रांविषयी हेटाळणीची वाक्ये आहेत, तीही विसरता येत नाहीत.

घोडबंदर रोडची शिक्षिका:
ती वाक्ये खटकतातच, त्यांवर पांघरूण घालू नये. मात्र 1926 ची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ आपण दुसऱ्यांदा वाचावी. (त्या वर्षी ख्रिस्ती स्वतः 11 दिवस बेपत्ता होत्या, याचीच चर्चा अधिक होते, याचे मला वाईट वाटते.) शेवट ठाऊक असताना कळते की कळीच्या प्रसंगातले एकही वाक्य खोटे नव्हते, आपणच ते सोयीचे वाचले. माणसाच्या जाणिवेचे म्हणाल, तर ख्रिस्तींच्या वृद्ध हौशी गुप्तहेर मिस मार्पल संशयिताला पाहून आपल्या गावातले कोणीतरी आठवतात आणि तिथूनच उकल करतात.

नौपाड्याचा वाचक:
‘ॲक्रॉइड’ पुन्हा वाचेन. मार्पलबाईंचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे: त्या माणसाला ओळखीच्या नमुन्यात बसवतात, आणि साहित्यात मला नमुन्यात न मावणारा माणूस हवा असतो.